गोड्या पाण्याला भिणारं गाव

पोलंडच्या नकाशावर दक्षिणेला क्राकुफ शहर सापडेल. त्याच्या मध्यापासून आग्नेयेला साधारण १४ किलोमीटरवर व्येलिच्का हे गाव आहे. वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास, आणि तिकडच्या व्यवस्थेत हे तालुक्याचं ठिकाण. दक्षिणेला कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्या आहेत. उत्तरेला जमीन उतरत विस्तुला नदीच्या सपाटीला मिळते. या दोहोंमधल्या खोलगट पट्ट्यातून सेराफा नावाचा ओढा वाहतो आणि गाव त्या ओढ्याच्या दोन्ही अंगांना चढत गेलेलं आहे. हा उतार, हा ओढा आणि उत्तरेकडची ती सपाटी आज आपल्याला पुन्हा पुन्हा लागणार आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

बाराव्या शतकाच्या पहिल्या चतकोरातल्या लॅटिन दस्तऐवजात या जागेचं नाव ‘माग्नुम साल’ असं येतं. अर्थ ‘मोठं मीठ’. पोलिशमध्ये त्याचं ‘व्येल्का सूल’ झालं आणि त्यातून आजचं व्येलिच्का. म्हणजे मूळ नावात मीठ होतं आणि मोठेपण होतं. बोलता बोलता मीठ गळून पडलं, मोठेपण राहिलं.

हे मीठ आलं कुठून? सुमारे १ कोटी ३५ लाख वर्षांपूर्वी कार्पेथियन पर्वताच्या समोर एक लांबट, उथळ समुद्र होता. मोठ्या समुद्राशी त्याचा संबंध तुटत गेला आणि ऊन त्याला आटवत राहिलं. समुद्राचं पाणी आटतं तेव्हा त्यातले क्षार ठरावीक क्रमानं खाली बसतात. आधी जिप्सम. पाणी साधारण दहाव्या हिश्श्यावर आलं की आपलं खायचं मीठ. अगदी शेवटी, उरलेल्या कडवट पाण्यातून, पोटॅशचे क्षार. कोकणातल्या मिठागरात काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. शेवटचं कडू पाणी वेळेवर सोडून दिलं नाही तर मीठ कडवट होतं, हे त्याच्या हाताला माहीत असतं. हा क्रम लक्षात ठेवा. १८६८ साली या गावावर जे संकट आलं त्याचं मूळ यात आहे.

मिठाचे थर बसल्यावर ते स्वस्थ राहिले नाहीत. दक्षिणेकडून कार्पेथियन पर्वताचे खडक उत्तरेकडे सरकत आले आणि त्यांनी हे थर गालिच्यासारखे चुरगाळून एकमेकांवर ढकलले. त्यामुळे इथल्या ठेव्याचे दोन मजले झाले. खालच्या मजल्यात मीठ अजून थरांत आहे. ते थर घड्या पडलेले, कुठे उभे, कुठे उलटलेले असले तरी थर म्हणून ओळखू येतात. वरच्या मजल्यात मात्र थर फाटून त्यांचे सुटे ठोकळे झाले. काही ठोकळे घराएवढे, काही देवळाएवढे, आणि ते सगळे खारट चिकणमातीत मनुक्यांसारखे रुतलेले. पोलिश खाणकामगार वरच्या ठोकळ्यांतल्या मिठाला ‘हिरवं मीठ’ म्हणतात. त्याचा रंग करड्याकडे झुकणारा हिरवट असतो, तो आत अडकलेल्या मातीमुळे. खालच्या थरांत वाळूमिश्रित ‘स्पिझा’ मीठ मिळतं, आणि त्याहून शुद्ध असं एक ‘शिबिक’ मीठ मिळतं. खाणीत पांढऱ्याशुभ्र भिंती असतील असं वाटून जाणाऱ्याला तिथे घासून गुळगुळीत न केलेल्या ग्रॅनाइटसारखा करडा दगड दिसतो. आपलं सैंधव गुलाबी, तर त्यांचं करडं. शुद्ध, पारदर्शक स्फटिक पाहायचे तर सुमारे ८० मीटर खोलीवर स्फटिकगुहा आहेत. तिथे काही स्फटिकांच्या कडा हातभर लांब आहेत. त्या संरक्षित असल्यानं तिथे सर्रास कुणाला सोडत नाहीत आणि तेच योग्य आहे.

आता माणसाकडे वळू. खडकातलं मीठ हाती लागण्याआधी कित्येक हजार वर्षं लोक इथे खारट झऱ्यांचं पाणी उकळत होते. व्येलिच्काजवळ बारिच इथे नवाश्मयुगातल्या मीठभट्ट्यांचे अवशेष मिळाले आहेत. थोडा हिशेब करू. एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त साधारण ३६० ग्रॅम मीठ विरघळतं. त्यापुढे टाकलेलं मीठ तळाशी तसंच राहतं. अशा भरलेल्या पाण्यापासून एक किलो मीठ काढायला पावणेतीन ते तीन लिटर पाणी उडवावं लागतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, म्हणजे तिथे किलोमागे २८ लिटर. आपल्या किनाऱ्यावर हे काम ऊन फुकटात करतं. पोलंडमध्ये ऊन अपुरं, म्हणून लाकूड जाळायचं. पाणी जितकं फिकट, तितकं जंगल जास्त जळणार. त्यामुळे झऱ्याचं पाणी फिकट होत गेलं की लोक जास्त खारट पाण्याच्या शोधात विहीर खोल नेत. तेराव्या शतकात विहिरी अशा खोल नेता नेताच पहार खणकन मिठाच्या खडकावर आपटली. शेजारच्या बोख्न्या गावात १२४८ साली, आणि व्येलिच्कात त्यानंतर काही दशकांत.

लोककथा हेच वेगळ्या शब्दांत सांगते. हंगेरीचा राजा चौथा बेला याची मुलगी किंगा क्राकुफच्या बोलेस्वाफ राजपुत्राशी लग्न करून येणार होती. हुंड्यात तिनं मीठ मागितलं. हंगेरीतल्या एका मीठखाणीत तिनं आपली अंगठी टाकली, आणि पोलंडला आल्यावर तिनं दाखवलेल्या जागी खणलं तर मिठाच्या पहिल्याच ठोकळ्यात ती अंगठी निघाली. कथा बाजूला ठेवली तरी किंगा आणि बोलेस्वाफ खरे, आणि खडकातलं मीठ त्यांच्याच काळात सापडलं हेही खरं. हंगेरीच्या मुलखात मीठखाणींचा अनुभव जुना होता. खडक फोडण्याचं कसब तिकडून आलं असेल, आणि कथेनं त्याला अंगठीचं रूप दिलं असेल, असं मला वाटतं.

१२९० साली प्शेमिस्व दुसरा या राजानं व्येलिच्काला नगराचे हक्क दिले. व्येलिच्का आणि बोख्न्या मिळून ‘क्राकुफच्या मीठखाणी’ असा एकच राजेशाही कारखाना होता आणि त्याचा कारभारी तो ‘झुपनिक’. त्याची कचेरी, हिशेबाची दालनं आणि मोठं स्वयंपाकघर असलेली गढी गावाच्या मधोमध अजून उभी आहे. जानेवारी १९४५ मध्ये बाँब पडून तिची मधली इमारत उद्ध्वस्त झाली होती, पुढे ती पुन्हा बांधली. १३६८ साली काझिमिएश राजानं खाणींसाठी लेखी नियमावली केली. कुणी किती खणायचं, कुणाला काय मजुरी, मीठ कोणत्या भावानं विकायचं, सगळं त्यात आलं. चौदाव्या शतकात राजाच्या तिजोरीतला साधारण तिसरा हिस्सा मिठातून येत होता. १३६४ साली क्राकुफचं विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा प्राध्यापकांचे पगार व्येलिच्काच्या मिठाच्या उत्पन्नातून द्यायचे असं सनदेत लिहिलं गेलं. खाणीत जखमी झालेल्यांसाठी त्याच राजानं गावात रुग्णालय बांधलं. सोळाव्या-सतराव्या शतकात या धंद्याची भर होती. त्या काळात सुमारे दोन हजार माणसं कामाला होती आणि वर्षाला तीस हजार टनांवर मीठ निघत होतं.

हे मीठ काढायचे कसे, ते जरा सावकाश पाहू. कारण खाणीचा आजचा आकार या पद्धतीतूनच आला आहे.

वरच्या मजल्यात ठोकळा सापडला की खणणारा टिकाव घेऊन त्याच्या उभ्या भिंतीवर खोबणी कोरायचा. दोन उभ्या आणि एक आडवी, म्हणजे दाराची चौकट आखावी तशी. खोबणी पुरेशी खोल झाली की मागच्या बाजूला पाचरी ठोकायच्या. मीठ सरळ रेषेत फाटतं, त्यामुळे पाचरी एका ओळीत आणि सारख्या जोरानं ठोकल्या तर अख्खी लादी सुटून खाली पडते. एक पाचर पुढे गेली आणि दुसरी मागे राहिली की लादी तिरकी फुटते, आणि दिवसाचं काम भुग्यात जातं. भुगाही मीठच, पण मोठ्या ठोकळ्याला भाव जास्त, म्हणून कारागिराची परीक्षा लादीवर व्हायची. लादीचे तुकडे करून त्यांना पिंपासारखा गोल आकार द्यायचे. या गोल ठोकळ्याला ‘बावव्हान’ म्हणत. वजन टनाच्या घरात. गोल आकार शोभेसाठी दिलेला नव्हता, एवढा जड दगड अरुंद बोगद्यातून गडगडत नेता यावा म्हणून दिलेला होता. बारीक मीठ लाकडी पिंपांत भरत.

ठोकळा संपला की काम संपलं. मातीत खणून काही मिळणार नव्हतं. त्यामुळे मागे जी पोकळी राहिली तिचा आकार त्या ठोकळ्याचाच. या खाणीत दोन हजारांहून जास्त दालनं आहेत आणि कुठलीही दोन एकसारखी नाहीत. मिहावोविचे नावाच्या दालनाची उंची सुमारे ३५ मीटर आहे, म्हणजे दहा-बारा मजल्यांची इमारत. ते १७१७ ते १७६१ अशी चव्वेचाळीस वर्षं खणत होते. एका ठोकळ्यातून दुसऱ्यात जायला बोगदे, एका पातळीवरून खालच्या पातळीवर जायला आतल्या आत विहिरी. असे नऊ थर झाले. पहिला ६४ मीटरवर, नववा ३२७ मीटरवर, आणि बोगद्यांची एकूण लांबी २४० किलोमीटरांच्या वर.

माल वर काढायला खाणीच्या उभ्या विहिरी. आजवर २६ खोदल्या गेल्या. गोरिशेव्स्की, रेगिस, सेराफ, बोनेर ही त्यांची नावं गावातल्या माणसाला आपल्या गल्लीच्या नावांसारखी पाठ असतात. सुरुवातीला माणसं रहाट फिरवत. सोळाव्या शतकात घोडे खाली नेले आणि त्यांच्यासाठी खाली तबेले कोरले. उभ्या खांबाभोवती घोडे गोल फिरतात, खांबावर दोर गुंडाळला जातो, ओझं वर येतं. आपल्या उसाच्या चरकात बैल फिरतो तीच कल्पना, फक्त आकार घरापेक्षा मोठा. एकदा खाली नेलेला घोडा बहुधा खालीच आयुष्य काढायचा. शेवटची घोडी बाश्का २००२ साली वर आली.

साचलेलं खारं पाणी काढायला बैलाच्या कातड्याच्या मोठ्या पिशव्या शिवत. पोलिशमध्ये त्यांना ‘बुल्गा’ म्हणतात. मराठी माणसानं ते चित्र पाहिलं की दुसरा शब्द शोधावा लागत नाही. ती मोटच आहे.

आता काय काय बिघडतं ते पाहू. खाणीच्या इतिहासातलं खरं शहाणपण तिथे आहे.

पहिला शत्रू वायू. मिठाच्या आणि मातीच्या फटींत मिथेन अडकलेला असतो. तो हवेपेक्षा हलका असल्यानं दालनाच्या छताशी साचतो. थोडाच असताना जाळून टाकला तर जळून जातो. जास्त साचू दिला तर पहिल्या दिव्याला स्फोट होतो. म्हणून काही अनुभवी माणसं ओले कपडे घालून, जमिनीवर सरपटत, लांब काठीच्या टोकाला पेटता पलिता लावून पुढे जात आणि छताशी साचलेला वायू थोडा थोडा पेटवून देत. त्यांना ‘पश्चात्तापी’ म्हणत, कारण सरपटत जाणारा माणूस गुडघ्यावर बसून प्रायश्चित्त घेणाऱ्यासारखा दिसे. सरपटण्याचं कारण मात्र साधं होतं. ज्वाळा वर पसरते आणि जगण्याजोगी हवा खाली असते.

दुसरा शत्रू आग, आणि ती लाकडामुळे. मोठ्या दालनात छताला आधार द्यायला गोल ओंडक्यांची चौकोनी चळत रचतात. एक थर आडवा, त्यावर एक उभा, असं जमिनीपासून छतापर्यंत. लोखंड मिठात गंजून जातं, पण लाकूड मीठ पिऊन शतकानुशतकं टिकतं. दुसरा गुण असा की मीठ हा खडक असूनही दाबाखाली अगदी हळू सरकतो, दालन वर्षागणिक किंचित आकसतं. चळत त्या दाबाखाली चेपते, कुरकुरते, आणि धोका कुठे वाढतोय ते माणसाला आधी कळतं. अंधारात उजेड फाकावा म्हणून या चळतींना चुना लावत. या लाकडानं खाण उभी ठेवली, आणि चरबीच्या दिव्यांच्या जोडीला जळणही त्यानंच साठवून ठेवलं. १६४४ साली लागलेली आग कित्येक महिने धुमसत राहिली. खाली पाणी ओतायची सोय नाही, धूर बाहेर काढायची सोय नाही. हवेच्या वाटा बुजवून आग गुदमरवायची, एवढाच उपाय होता.

आणि तिसरा शत्रू पाणी. त्यातही गोडं पाणी.

खाऱ्या पाण्याचं या खाणीला भय नाही. जे पाणी आधीच पोटभर मीठ पिऊन आलं आहे ते भिंतीवरून वाहिलं तरी काही नेणार नाही. ते पन्हळीनं एका जागी आणायचं आणि उपसायचं. गोड्या पाण्याची गोष्ट वेगळी. एक लिटर पाणी ३६० ग्रॅम मीठ विरघळवतं, म्हणजे स्वतःच्या आकाराच्या सहाव्या हिश्श्याएवढा खडक खातं. मिनिटाला १०० लिटर, म्हणजे घरच्या पाच-सहा बादल्या, एवढा गोड्या पाण्याचा झरा मिठाच्या भिंतीतून वाहतो आहे असं धरा. दिवसाला ५० टनांहून जास्त मीठ जाईल. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, साडेआठ फूट उंच अशी एक खोली रोज कोरली जाईल, आणि तीही कुणाला दिसणार नाही अशा जागी. त्यात हे पाणी स्वतःची वाट रुंद करत असतं. वाट रुंद झाली की पाणी वाढतं, पाणी वाढलं की वाट रुंद होते. म्हणून खाणीत कुठेही नवी ठिबक दिसली की तीन गोष्टी मोजतात. मिनिटाला किती पाणी, त्याची घनता किती, आणि त्यात गाळ किती. पाणी थोडं पण फिकट असेल तर काळजी. फिकट आणि गढूळ असेल तर मोठी काळजी, कारण गाळ म्हणजे बाहेरची माती आत यायला लागली आहे.

हे पाणी येतं कुठून? सुरुवातीला सांगितलेली उत्तरेकडची सपाटी आठवा. मिठाच्या ठेव्याच्या उत्तर कडेला पाणी धरून ठेवणारे वाळूचे थर आहेत. मीठ आणि ती वाळू यांच्यामध्ये माती आणि जिप्समच्या खडकाचा एक पडदा आहे. १ कोटी वर्षांहून जास्त काळ हे मीठ विरघळलं नाही ते या पडद्यामुळे. तो पडदा फोडायचा नाही, हा खाणीचा पहिला नियम हवा.

१८६८ साली तो फोडला गेला. १७७२ मध्ये पोलंडची पहिली फाळणी झाली तेव्हापासून व्येलिच्का ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पोटॅशला खत म्हणून मागणी आली. जर्मनीत श्टासफुर्टला आणि ऑस्ट्रियाच्याच राज्यातल्या कालूशला पोटॅश निघत होतं. आता तो क्षारांचा क्रम आठवा. मिठानंतर शेवटी पोटॅश. मग व्येलिच्काच्या मिठाच्या कडेलाही ते असेल, या तर्कानं क्लोस्की नावाचा आडवा बोगदा उत्तरेकडे रेटला. तर्क पुस्तकात बरोबर होता. जमिनीत तिथे पोटॅशचा उपयोगी थर नव्हता, वाळू होती. १९ नोव्हेंबर १८६८ ला पाणी फुटलं. पाणी वाळूसकट येत होतं, बोगदा गाळानं भरत होता, आणि खालचे थर बुडू लागले. त्या वेळचे पंप एवढ्या पाण्यासाठी नव्हते. जास्त ताकदीची वाफेची इंजिनं आणून बसवली आणि बोगदा बंद करायचे प्रयत्न सुरू झाले, पण बांध घातला की पाणी शेजारून वाट काढी. हा लढा वर्षानुवर्षं चालला. गावात वर जमीन खचून घरांना तडे गेले. खाण वाचली, कारण पाणी वरच्या थरांपर्यंत चढायच्या आत उपसा त्याच्या बरोबरीला आला.

नियम एवढा महाग पडूनही पुढे उत्तरेकडे बोगदे गेलेच. त्यांतला एक ‘मिना’, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, चौथ्या थरावर, सुमारे १७० मीटर खोल. १३ एप्रिल १९९२ ला त्याच्या टोकाशी पाणी फुटलं. या वेळीही पाण्याबरोबर वाळू आणि माती आत आली. आत आलेली माती कुठली तरी जागा रिकामी करून आली होती, आणि ती जागा गावाखाली होती. खाणीच्या उत्तर कडेवर फ्रान्सिस्कन मठ आहे आणि त्याच्याजवळून रेल्वे जाते. मठाच्या भिंतींना तडे गेले. रुळांखालची जमीन बसली, रूळ आणि स्लीपर अधांतरी लोंबत राहिले. ही रेल्वे १८५७ सालची, मिठाची वाहतूक करायला घातलेली.

बंदोबस्त कसा केला, हे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी नीट ऐकावं. नुसती भिंत बांधून पाणी थांबत नाही, हा १८६८ चा धडा होता. मागे दाब साठतो आणि पाणी मिठातून दुसरी वाट खातं. म्हणून आधी पाणी बंदिस्त वाटेनं बाहेर घेत राहायचं, दाब मोजत राहायचा. त्याच वेळी बांध, आणि बांधाच्या आजूबाजूच्या खडकात भोकं पाडून, आत जाऊन घट्ट होणारं मिश्रण दाबानं भरायचं. मग मागच्या पोकळ्या भरत जायच्या. सगळं घट्ट झाल्यावर शेवटी झडप बंद. मिश्रण कालवायला गोडं पाणी वापरलं तर ज्या भिंतीला चिकटायचं तीच भिंत ते विरघळवेल, म्हणून ते मिठानं भरलेल्या पाण्यात कालवतात. ही तपशिलाची बाब वाटेल, पण यश-अपयश इथेच ठरतं.

पाण्याचं एक रूप दिसत नाही, ते म्हणजे हवेतला दमट ओलावा. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. पावसाळ्यात आपल्या घरातली मिठाची बरणी पाहिलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. खाणीत वर्षभर १७-१८ अंश तापमान असतं. हिवाळ्यात बाहेरची गार हवा आत येऊन तापते आणि कोरडी होते, तेव्हा काही बिघडत नाही. उन्हाळ्यात बाहेरची उबदार, दमट हवा आत येऊन गार होते, तिचा ओलावा भिंतींवर बसतो, आणि भिंत झिजते. सतराव्या शतकाच्या शेवटी पहिल्या थरावर कोरलेलं संत अँथनीचं प्रार्थनास्थळ पाहा. ते दानिवोविच विहिरीजवळ आहे, आणि त्या विहिरीतून येणारी हवा शतकानुशतकं त्याच्यावरून गेली. तिथल्या काही मूर्तींचे चेहरे आता चोखलेल्या खडीसाखरेसारखे झाले आहेत. नाक-डोळे ओळखू येत नाहीत.

त्याहून खोल, १०१ मीटरवर, संत किंगाचं प्रार्थनास्थळ आहे. एका हिरव्या मिठाच्या ठोकळ्याच्या पोकळीत १८९६ पासून ते कोरायला घेतलं. ५४ मीटर लांब, सुमारे १५ ते १८ मीटर रुंद, १० ते १२ मीटर उंच. युझेफ मार्कोव्स्की, त्याचा भाऊ तोमाश आणि नंतर आंतोनी विरोदेक या तीन खाणकामगारांनी एकामागून एक हे काम केलं आणि ते १९६३ पर्यंत चाललं. पायाखालची फरशी वेगळी बसवलेली नाही, तो मूळ मिठाचा तळ आहे. त्यावर फरशीच्या रेषा कोरल्या आहेत. विरोदेकनं कोरलेलं ‘शेवटचं भोजन’ भिंतीत काही बोटं खोल आहे, पण त्यातली खोली पाहणाऱ्याला कितीतरी मोठी वाटते. हे हात शिल्पशाळेत तयार झाले नव्हते. लादी कुठे फुटेल ते ओळखणारे हे हात होते.

युनेस्कोनं १९७८ साली जागतिक वारशाची पहिली यादी केली त्या बारा स्थळांत ही खाण होती. १९८९ मध्ये तिला धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकावं लागलं, आणि कारण हाच ओलावा. आत येणारी हवा कोरडी करणारी यंत्रणा बसवल्यावर १९९८ मध्ये ते नाव निघालं. २०१३ मध्ये बोख्न्याची खाण आणि झुपनिकांची गढी या वारशात सामील झाली.

गावाच्या इतिहासात एक पान खाणीशी थेट जोडलेलं नाही, तरी ते वगळून पुढे जाता येत नाही. जुन्या मनाईमुळे ज्यूंना गावाच्या हद्दीत राहता येत नसे, म्हणून ते हद्दीला लागून क्लास्नो वस्तीत राहत. मिठाच्या व्यापारात त्यांचा मोठा वाटा होता. २७ ऑगस्ट १९४२ ला जर्मनांनी गावातल्या आणि आसपासच्या हजारो ज्यूंना गोळा केलं. काहींना तिथेच मारलं, बहुतेकांना त्याच रेल्वेनं बेव्झेत्सच्या मृत्युछावणीत पाठवलं. १९४४ मध्ये विमानांचे भाग बनवायला खाणीच्या दालनांत कारखाना घालायचा बेत झाला आणि त्यासाठी ज्यू कैद्यांना खाली राबवलं. लढाईची आघाडी जवळ आली आणि तो कारखाना उभा राहिला नाही. क्लास्नोत आज घरं आहेत, ती माणसं नाहीत.

युद्धानंतर आल्फोन्स द्वुगोश या चित्रकारानं पडीक दालनांतून जुने रहाट, दोर, अवजारं गोळा करून १९५१ मध्ये संग्रहालय सुरू केलं. घोड्यांचे ते प्रचंड लाकडी रहाट आज पाहता येतात ते त्याच्यामुळे. त्याच संग्रहात मार्चिन गेर्मान या मोजणीदारानं १६३०च्या दशकात केलेल्या नकाशांवरून १६४५ साली छापलेल्या चित्रांची प्रत आहे. एका पानावर गाव आणि तीन पानांवर खालचे तीन थर. ही पानं शेजारी ठेवून पाहा. कोणत्या घराखाली काय पोकळ आहे हे पावणेचारशे वर्षांपूर्वी कागदावर आलं होतं.

पाहायला जाणाऱ्यांसाठी थोडं. क्राकुफहून लोकल गाडी थेट ‘व्येलिच्का रिनेक–कोपाल्न्या’ म्हणजे ‘बाजारचौक–खाण’ या स्थानकावर सोडते. उतरताना दानिवोविच विहिरीच्या लाकडी जिन्यानं पहिल्या थरापर्यंत ३८० पायऱ्या, आणि सगळी फेरी मिळून ८०० च्या आसपास. वर येताना पाळणा. पाहुण्यांना १३५ मीटरपर्यंत नेतात, आणि ती वाट सगळ्या खाणीचा दोन टक्क्यांहून कमी भाग आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. दम्याच्या आणि श्वसनाच्या आजारांवर खाली उपचारकेंद्रही आहे. त्या हवेत धूळ आणि परागकण जवळजवळ नसतात, त्याचा हा उपयोग.

खडक फोडून मीठ काढणं १९६४ साली थांबलं. पाणी सोडून विरघळवून काढणंही १९९६ मध्ये बंद झालं. काम मात्र बंद झालेलं नाही. कामगार आजही रोज खाली उतरतात. ज्या खालच्या दालनांना ऐतिहासिक मोल नाही त्यांत पाण्याबरोबर वाळू सोडून ती भरतात, म्हणजे वरच्या दालनांचा आणि गावाचा भार त्यांवर राहील. इथेही वाळू वाहून नेणारं पाणी खारंच लागतं. कुजलेल्या चळती बदलतात, सैल छताला सळया मारतात, ठिबकांच्या नोंदी घेतात. खाणीत अजूनही मिनिटाला शेकडो लिटर पाणी येतं. ते पन्हळींनी खाली साचवतात आणि किंगा विहिरीतून पंपानं वर आणतात. एवढं खारं पाणी सेराफा ओढ्यात सोडलं तर ओढा आणि त्याच्या काठची शेतं मरतील. म्हणून विहिरीच्या तोंडाशी कारखाना आहे. तिथे ते पाणी आटवतात, आणि व्येलिच्काचं म्हणून दुकानात विकलं जाणारं पांढरं मीठ आज फक्त त्या पाण्यातूनच निघतं.